डीटीपीचा जाहीरनामा: 'अल्पसंख्याक' न म्हणता अल्पसंख्याकांचे हक्क कसे मागायचे?

आडवाटेकर
तुर्कस्तानातल्या कुर्दांचा डीटीपी, म्हणजे लोकशाही समाज पक्ष, 9 नोव्हेंबर 2005 ला स्थापन झाला आणि 11 डिसेंबर 2009 ला तिथल्या घटना न्यायालयाने 11 विरुद्ध 0 असा निकाल देऊन तो बंद केला. पक्षाचं आयुष्य उणंपुरं चार वर्षांचं.

त्याची ओळख 'कुर्द अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी लढणारा पक्ष' अशी करून दिली जाते. पण मागण्या पाहिल्या तर त्या अशा: मातृभाषेतून शिक्षण, घटनेतल्या नागरिकत्वाच्या व्याख्येतून 'तुर्क' हा शब्द काढणं, देशाचे वीस-पंचवीस प्रदेश करून प्रत्येकाला निवडून आलेली सभा, संसदेतल्या प्रवेशासाठीची 10 टक्के मतांची अट खाली आणणं, उमेदवारीत बायकांना 40 टक्के वाटा. भर कुठेच 'अल्पसंख्याक' या शब्दावर नाही.

माझं मत: हा शब्द टाळणं ही चूक होती. 'आम्ही अल्पसंख्याक' असं सरळ म्हटलं असतं तर युरोपात त्यासाठी करारांची तयार चौकट होती. जाणकारांनी खोडून काढावं.

बिनहुकमी
खोडतो. तो शब्द टाळला नव्हता, त्याला कायद्यानेच बंदी होती.

1983 चा राजकीय पक्ष कायदा, क्रमांक 2820, कलम 81. लष्करी राजवटीत केलेला आणि पुढे कायम राहिलेला. या कलमाचे तेव्हा तीन भाग होते. (अ) तुर्कस्तानात राष्ट्रीय वा धार्मिक संस्कृती, पंथ, वंश किंवा भाषा यांच्या फरकावर आधारलेले अल्पसंख्याक आहेत, असा दावा पक्षाने करायचा नाही. (ब) तुर्कीखेरीज इतर भाषा-संस्कृती जपून, वाढवून, पसरवून अल्पसंख्याक 'निर्माण' करण्याचा हेतू ठेवायचा नाही. (क) पक्षाची घटना, कार्यक्रम, अधिवेशनं, सभा, प्रचार यांत तुर्कीखेरीज भाषा वापरायची नाही.

(अ) पुन्हा वाचा. हक्क मागायला बंदी ही पुढची गोष्ट, आधी अस्तित्व सांगायलाच बंदी. कार्यक्रमात तो शब्द घातला की सरकारी वकिलाला वेगळा पुरावा शोधायची गरजच नाही.

खडीसाखर
म्हणजे 'घरात कुणी आहे का?' विचारल्यावर 'कुणी नाही' असं आतूनच ओरडायचं. :)

वैनगंगा
बिनहुकमींचं म्हणणं बरोबर, पण ते निम्मंच उत्तर आहे. कायदा नसता तरी हा शब्द कुर्द नेत्यांनी स्वतःहून घेतला नसता.

तुर्कस्तानात 'अल्पसंख्याक' या शब्दाला लोझानचा वास आहे. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेल्या 24 जुलै 1923 च्या लोझान तहाची कलमं 37 ते 45 ही अल्पसंख्याकांविषयीची, आणि ती आहेत 'बिगर-मुस्लीम' अल्पसंख्याकांसाठी. व्यवहारात त्याचा अर्थ ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू. सिरियाक ख्रिश्चनसुद्धा त्या तहाच्या शब्दांत बसतात, पण त्यांना प्रत्यक्षात ते हक्क दिले गेले नाहीत. कुर्द बहुसंख्येने सुन्नी मुसलमान, म्हणून ते यादीबाहेर.

त्यामुळे सर्वसामान्य कुर्दाच्या कानाला 'अल्पसंख्याक' म्हणजे 'परका, मेहेरबानीवर राहणारा'. त्यांची भूमिका अशी, की आम्ही या प्रजासत्ताकाचे सहसंस्थापक, स्वातंत्र्ययुद्धात बरोबरीने होतो, आम्हाला सवलत नको, बरोबरी हवी. 2004 मध्ये युरोपीय संघाच्या कागदांत कुर्दांना अल्पसंख्याक म्हटलं गेलं तेव्हा नाराजी फक्त अंकाराच्या सरकारी वर्तुळात नव्हती, कुर्द नेतेही त्या शब्दावर खूश नव्हते.

त्याच वर्षी पंतप्रधान कार्यालयाशी जोडलेल्या मानवाधिकार सल्लागार मंडळाचा अल्पसंख्याकविषयक अहवाल आला. बास्कन ओरान आणि इब्राहिम काबोओलू हे त्यामागचे दोन प्राध्यापक. सुचवलं एवढंच, की 'तुर्क' ही एका वंशाची ओळख आहे, सगळ्यांसाठी 'तुर्कस्तानचा' अशी वरची ओळख ठेवावी. पत्रकार परिषदेत मंडळातल्याच एका सदस्याने कॅमेऱ्यासमोर अहवाल हिसकावून फाडला. पुढे खटला भरला गेला तो फाडणाऱ्यावर नाही, लिहिणाऱ्या दोघांवर.

उंटावरचा शहाणा
आणि युरोपची 'तयार चौकट' तुर्कस्तानपुरती हवेतच होती. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा युरोप परिषदेचा करार आणि प्रादेशिक भाषांची सनद, दोन्हींवर तुर्कस्तानची सहीच नाही. स्थानिक स्वराज्याच्या सनदेवर मात्र आहे: सही 1988, मंजुरी 1992, काही कलमं आपल्यापुरती वगळून. म्हणून डीटीपी आणि त्याच्यामागून आलेला बीडीपी यांनी 'अल्पसंख्याक' सोडून 'स्थानिक स्वराज्य' धरलं. ती वगळलेली कलमंही लागू करा, ही त्यांची ठोस मागणी होती. सही असलेला कागद हातात असताना सही नसलेल्या कागदाच्या मागे कोण लागेल?

तिरकस
सगळे कायद्याच्या कलमांत रमलेत. मूळ प्रश्नाला बगल नको. बंदी मातृभाषेच्या मागणीपायी आली नाही. निकालाचा रोख पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेशी असलेल्या संबंधांवर होता. त्या संघटनेला 'दहशतवादी' म्हणायला पक्ष तयार नव्हता. पीकेकेचा नेता ओजलान याचा उल्लेख 'सायन', म्हणजे आपल्याकडचं 'माननीय', असा व्हायचा. 'संसदेत बसणार आणि बंदुकीचा निषेध करणार नाही' हे कुठली लोकशाही चालवून घेते? स्पेनने बास्क फुटीरवाद्यांच्या बटासुना पक्षावर बंदी घातली आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 30 जून 2009 ला ती योग्य ठरवली. डीटीपीच्या निकालाआधी जेमतेम पाच महिने.

बिनहुकमी
तिरकसराव, बटासुनाचा दाखला रास्त आहे. पण मग त्याच न्यायालयाने डीटीपीबद्दल काय म्हटलं तेही घ्या. 12 जानेवारी 2016, बंदी म्हणजे संघटनास्वातंत्र्याचा भंग. फरक असा: बटासुनाच्या बाबतीत हिंसेशी जोडलेलं वर्तन पुरेसं सिद्ध झालं असं न्यायालयाला वाटलं. डीटीपीच्या बाबतीत पक्षाचा कार्यक्रम आणि नेत्यांची बहुतेक भाषणं हिंसेला चिथावणी देणारी नव्हती, आणि काही आक्षेपार्ह गोष्टींपायी अख्खा पक्ष संपवणं हे प्रमाणाबाहेर होतं. निषेध न करणं वेगळं, चिथावणी देणं वेगळं. नैतिकदृष्ट्या दोन्ही एकाच मापाने मोजायला तुम्ही मोकळे आहात, पण कायद्यात ती दोन मापं आहेत.

आणि हा एकटा निकाल नाही. आधीचे कुर्द पक्ष घ्या: एचईपी, बंदी 1993, स्ट्रासबर्गचा (म्हणजे याच युरोपीय न्यायालयाचा) निकाल 2002. डीईपी, बंदी 1994, निकाल 2002. हाडेप, बंदी 2003, निकाल 2010. ओझदेप, बंदी 1993, निकाल 1999. प्रत्येक वेळी पक्ष जिंकला आणि प्रत्येक वेळी जिंकायला पक्ष शिल्लक नव्हता.

मंडणगडी
ओझदेपची गंमत कुणीतरी सविस्तर सांगा. मुलांनी पेपर फाडला तरी नापास केलं असा काहीसा प्रकार होता ना?

बिनहुकमी
हो. पक्षाने 30 एप्रिल 1993 ला स्वतःच स्वतःला विसर्जित केलं, म्हणजे बंदीचे परिणाम लोकांना भोगायला लागू नयेत. पण 2820 चं कलम 108 सांगतं की खटला दाखल झाल्यावर पक्ष विसर्जित केला तरी खटला थांबत नाही. त्यामुळे नोव्हेंबर 1993 मध्ये न्यायालयाने नसलेला पक्ष बंद केला. त्या पक्षाच्या कार्यक्रमात सरकारी धर्मखातं बंद करा अशीही मागणी होती, ती निराळीच दुखरी नस.

बंदीचा क्रम साधारण असा चालतो. कॅसेशन न्यायालयाचे (तिथलं सर्वोच्च अपील न्यायालय) मुख्य सरकारी वकील फिर्याद करतात. डीटीपीविरुद्ध ती 16 नोव्हेंबर 2007 ला झाली. पक्ष घटनाविरोधी कृत्यांचं 'केंद्र' झाला आहे, हे दाखवावं लागतं. 2001 च्या घटनादुरुस्तीनंतर बंदीला तीन-पंचमांश मतं लागायची, म्हणजे 11 पैकी 7. बंदी झाली की मालमत्ता सरकारी तिजोरीत, ज्यांच्या उक्ती-कृतीमुळे बंदी आली त्यांना पाच वर्षं कोणत्याही पक्षात मनाई (डीटीपीचे असे 37 जण), आणि त्यांत खासदार असतील तर खासदारकीही जाते. अहमत तुर्क आणि आयसेल तुलुक यांची गेली.

खडीसाखर
थांबा. कुर्दांच्या पक्षाध्यक्षाचं आडनाव 'तुर्क'?

वैनगंगा
1934 चा आडनाव कायदा. सगळ्यांना आडनाव सक्तीचं झालं आणि पूर्वेकडच्या कितीतरी कुर्द घराण्यांच्या वाट्याला 'तुर्क', 'ओझतुर्क' अशीच आडनावं आली. हे एका माणसाचं वैशिष्ट्य नाही.

याच अहमत तुर्क यांनी 24 फेब्रुवारी 2009 ला, जागतिक मातृभाषा दिनाच्या निमित्ताने, पक्षाच्या संसदीय गटाच्या बैठकीत कुर्दीतून बोलायला सुरुवात केली. सरकारी वाहिनीने थेट प्रक्षेपण तोडलं. त्याच सरकारी दूरदर्शनने 1 जानेवारीपासून चोवीस तास कुर्दी वाहिनी सुरू केली होती! कुर्दी गाणी चालतील, कुर्दी खासदार नाही. संसदेच्या इतिवृत्तात कुर्दी वाक्यांच्या जागी 'अज्ञात भाषा' अशी नोंद व्हायची, हे वेगळंच.

दोन पैसे
सात मतांवरून आठवलं. एर्दोआन यांच्या एकेपीवरही बंदीचा खटला होता. 30 जुलै 2008 ला 11 पैकी 6 न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते, एक मत कमी पडलं. शिक्षा म्हणून सरकारी अनुदानाचा निम्मा हिस्सा कापला. दीड वर्षाने डीटीपीला अकराच्या अकरा.

पुढचा अंक याहून भारी. 2010 च्या घटनादुरुस्तीत सरकारने पक्षबंदी अवघड करणारं कलम आणलं. ते सार्वमताला नेण्यासाठी 330 मतं हवी होती, पडली 327. बीडीपीच्या खासदारांनी मतदानात भागच घेतला नव्हता. ज्यांच्या पक्षावर सगळ्यात जास्त वेळा कुऱ्हाड पडली त्यांनीच ढाल नाकारली. 10 टक्क्यांची अट आणि भाषेचा प्रश्न सोडून बाकी सगळं आणता, मग आम्ही का यावं, असा त्यांचा हिशेब. मला तो हिशेब आजही पटत नाही.

आडवाटेकर
ही 10 टक्क्यांची अट आणि अपक्ष उभे करण्याची युक्ती कुणी आकड्यांनिशी समजावेल का?

उंटावरचा शहाणा
आधी अटीने काय होतं ते. 2002 मध्ये डीटीपीचा पूर्वज देहाप पक्ष म्हणून लढला. देशभरात 6.2 टक्के, जागा शून्य. शिर्नाक प्रांतात त्याला 45.95 टक्के मतं होती. तीन जागांपैकी दोन 14.05 टक्केवाल्या एकेपीला, एक 9.69 टक्केवाल्या अपक्षाला.

अपक्षांना ही अट लागू नाही. म्हणून 2007 ला डीटीपीने पक्ष बाजूला ठेवून 'हजार आशा' नावाखाली अपक्ष उभे केले आणि निवडून आल्यावर त्यांना परत पक्षात घेतलं. 20 खासदार असले की संसदेत अधिकृत गट होतो, तो झाला. एक उमेदवार, सेबाहत तुंजेल, तर तुरुंगातून निवडून आली.

आता यात बिघडतं काय ते पाहा. समजण्यापुरते कल्पित आकडे: 6 जागांचा प्रांत, 3,00,000 मतं. आपले समर्थक 1,50,000, पक्ष 'क' 92,000, पक्ष 'ख' 58,000. तिकडे जागा दोंत पद्धतीने वाटतात, म्हणजे प्रत्येक पक्षाची मतं 1, 2, 3 ने भागत जायची आणि सगळ्यांत मोठे सहा भागाकार घ्यायचे. अपक्षाची मतं भागायची नाहीत, ती एकच संख्या.

तीन अपक्षांत मतं 50,000 प्रमाणे सारखी वाटली गेली: 92, 58, 50, 50, 50, 46 हजार. आपल्या तीन जागा.
आता लोकप्रिय उमेदवाराकडे ओढा झाला आणि वाटणी 90-35-25 अशी झाली: 92, 90, 58, 46, 35, 30.67 हजार. सहावी जागा 'क'ने तिसऱ्या भागाकारावर नेली. मतं तेवढीच, एक जागा गेली, कारण पहिल्याचं जास्तीचं मत दुसऱ्याला सरकत नाही.

म्हणून गावं आणि मोहल्ले उमेदवारांत आधीच वाटून द्यायचे: या गल्लीने याला, त्या गावाने तिला. ही शिस्त मोडली की जागा गेली. त्यात 2007 च्या निवडणुकीच्या तोंडावर कायदा बदलून अपक्षांची नावं पक्षांच्या सामायिक मतपत्रिकेवर आणली. आधी अपक्षाची चिठ्ठी वेगळी असायची, ती घरून आणून लिफाफ्यात टाकली की झालं. आता निरक्षर मतदाराला लांबलचक कागदावर चिन्ह नसलेलं नाव शोधायचं. सीमेवरच्या नाक्यांवर परदेशस्थ तुर्की नागरिक मत देत, त्यांना फक्त पक्षच निवडता येत, अपक्ष नाही. दूरदर्शनवर प्रचाराचा वेळही अपक्षांना नाही.

तिरकस
आकडेमोड आवडली, दंडवत. पण मग अट इतकी जाचक नव्हतीच की. वाट निघाली ना?

उंटावरचा शहाणा
अगदी हेच स्ट्रासबर्गने म्हटलं. 8 जुलै 2008, यूमाक आणि सादाक खटला, शिर्नाकचे वरचे आकडे त्यातलेच. 10 टक्के अवाजवी आहे, पण 2007 ला अपक्षांची वाट निघाली, तेव्हा भंग नाही. 13 विरुद्ध 4. भिंतीवरून उडी मारून दाखवली म्हणून भिंत उंच नाही असं ठरलं.

वाटेला आणखी एक खड्डा: अपक्षामागे यादी नसते. 2011 ला कुर्दबहुल दियारबाकरमधून हातिप दिजले अपक्ष म्हणून जिंकले, निवडणूक मंडळाने आधीच्या शिक्षेवरून त्यांची निवड रद्द केली. पक्षाच्या यादीतून आले असते तर जागा त्याच यादीतल्या पुढच्या माणसाकडे राहिली असती. ती गेली एकेपीच्या उमेदवाराकडे.

नर्मदेतला गोटा
अवांतर: आपल्याकडे निवडणूक आयोगाला नोंदणी झालेला पक्ष रद्द करायचा सर्वसाधारण अधिकार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल आहे. आपली पद्धत वेगळी: 1963 ला सोळावी घटनादुरुस्ती करून उमेदवाराच्या शपथेतच देशाची अखंडता घातली आणि द्रमुकने वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडली. आणि राज्यघटनेत 350अ आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. तालुक्यात 15 टक्के भाषक असले की सरकारी सूचना त्यांच्या भाषेत, ही बेळगावच्या मराठी माणसांची जुनी मागणी आहे. तुर्कस्तानात घटनेचं कलम 42 याच्या नेमकं उलट: तुर्कीखेरीज कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवायची नाही.

मंडणगडी
बेळगाव आलं! आता दोनशे प्रतिसाद नक्की.

संपादक
बेळगावसाठी आधीचे धागे आहेत. इथे तुर्कस्तानच राहू द्या.

वैनगंगा
मग मूळ मुद्द्याकडे. पक्ष अंकारात जे मागायचा ते नगरपालिकांत करून पाहायचा, आणि तिथे 'अल्पसंख्याक' शब्दाची गरजच पडत नसे. दियारबाकरच्या जुन्या शहरातली सूर नगरपालिका घ्या. महापौर अब्दुल्ला देमिरबाश. परिषदेने ठरवलं की पालिकेची सेवा तुर्कीसोबत कुर्दी, आर्मेनियन, सिरियाक अशा भाषांतही द्यायची. जून 2007 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने महापौरांना हटवलं आणि निवडून आलेली परिषदच बरखास्त केली. 2009 च्या मार्चमध्ये तेच पुन्हा निवडून आले.

अक्षरांचं तर विचारूच नका. 1928 च्या लिपी कायद्याने ठरलेल्या तुर्की वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स नाहीत, कुर्दीत आहेत. 'नेवरोज' या कुर्दांच्या नववर्षाच्या सणाच्या निमंत्रणात डब्ल्यू घातला म्हणून खटले झाले. त्यामागचं दंडविधानातलं कलम 2014 च्या मार्चमध्ये गेलं.

खडीसाखर
म्हणजे उद्या कुणी 'ळ'वर बंदी घातली तर माळ्यावरचा नारळ काढायलाही जामीन लागेल. ह. घ्या.

दोन पैसे
बंदीच नको, आपले वृत्तनिवेदकच पुरे आहेत त्याला.

बिनहुकमी
:)
'बंदी घालून काय मिळवलं' हेही इथेच. डीटीपीचा खटला चालू असतानाच, 2 मे 2008 ला, बीडीपी नावाचा पक्ष स्थापून ठेवला होता. आपल्या भाषेत स्टेपनी. घटनेने बंद पक्ष दुसऱ्या नावाने काढायला मनाई आहे, पण आधीच अस्तित्वात असलेल्या पक्षात खासदारांनी जाण्याला नाही. डीटीपीचे 21 खासदार, दोन गेले, उरले 19. गटाला हवे 20. इस्तंबूलचे डावे अपक्ष उफुक उरास येऊन मिळाले आणि गट वाचला. टायर बदलला, गाडी तीच.

सगळ्या नावांकडेही पाहा: जन श्रम, लोकशाही, जन लोकशाही, लोकशाही समाज, शांतता आणि लोकशाही. 'कुर्द' कुठेच नाही.

तिरकस
गाडी तीच, हेच तर सरकारी वकील म्हणत होते ना. :) असो. पण बीडीपीच्या काळात बरंच मिळालं हेही मान्य करा. 2012 पासून पाचवीला कुर्दी ऐच्छिक विषय, 2014 ला निवडणूक प्रचार कोणत्याही भाषेत, सहअध्यक्ष पद्धतीला कायद्याची मान्यता.

वैनगंगा
मिळालं, पण मापात. ऐच्छिक विषय म्हणजे आठवड्याला दोन तास, तेही किमान 10 मुलांनी मागितलं तर. मागणी 'कुर्दीतून गणित' होती, मिळालं 'गणितानंतर थोडं कुर्दी'. सहअध्यक्षपद मात्र खरंच त्यांचं देणं. एक बाई, एक पुरुष, ही रीत डीटीपीने 2005 पासून चालवली. कायद्याला तेव्हा एकच अध्यक्ष माहीत होता, कागदावर एक आणि व्यासपीठावर दोन.

आडवाटेकर, तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर 2011 आणि 2014 मध्ये आहे. 2011 ला बीडीपीच्या पाठिंब्यावर मार्दिनमधून एरोल दोरा हे सिरियाक ख्रिश्चन संसदेत गेले, 2014 ला मार्दिनच्याच सहमहापौरपदी फेब्रुनिये आक्योल ही सिरियाक तरुणी. स्वतःला अल्पसंख्याक म्हणवून न घेणाऱ्या पक्षाने ज्यांना खरोखर तो शब्द लागू पडतो त्यांना जागा दिली.

आडवाटेकर
मत बदललं, निम्मं. 'अल्पसंख्याक' म्हणून काही हाती लागलं नसतं हे पटलं. पण मग लोझानवर सगळं पाणी सोडायचं का? कलम 39 मध्ये 'कोणत्याही तुर्की नागरिकाला' खासगी व्यवहार, व्यापार, धर्म, छापखाना, सभा यांत 'कोणतीही भाषा' वापरता येईल असं आहे, आणि तुर्की न बोलणाऱ्यांना न्यायालयात तोंडी आपली भाषा वापरायची सोय. तिथे मुस्लीम-बिगरमुस्लीम भेद नाही.

बिनहुकमी
नेमकं कलम धरलंत. बास्कन ओरान वर्षानुवर्षं तेच सांगत आले. त्या कलमाला अल्पसंख्याक असण्याची अटच नाही. 2010 पासून दियारबाकरला चाललेल्या केसीके (पीकेकेशी जोडलेली संघटना) खटल्यात आरोपींनी, ज्यांत डीटीपीचे महापौर आणि कार्यकर्तेही होते, कुर्दीतून बचाव करायची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली. जानेवारी 2013 मध्ये कायदा बदलला: आरोपपत्र वाचून झाल्यावर आणि अखेरच्या बचावाच्या वेळी मातृभाषेतून बोलता येईल. दुभाष्याचा खर्च आरोपीने द्यायचा.

मंडणगडी
आणि त्या दुभाष्याने 'अज्ञात भाषे'तून तुर्कीत भाषांतर करायचं.